चितळांपासून परसबाग कशी राखायची: आमच्या सांदवाडीतले घरगुती उपाय

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मार्गशीर्षातली सकाळ होती. सहाच्या सुमारास मागचं दार उघडलं, तर मांडवावर चढवलेल्या वालाच्या वेलाला माझ्या छातीपर्यंत एक पान शिल्लक नव्हतं. त्याच्या वर मात्र वेल जसाच्या तसा, शेंगांनी लदलेला. कुणी दोरी धरून आडवी रेघ मारावी अशी ती रेघ होती. खाली, ओल्या मातीत, जागोजाग खूर उमटलेले.

आमचं घर वर्धा जिल्ह्यात, बोर अभयारण्याच्या जंगलापासून दोनेक किलोमीटरवर. घरामागच्या चार गुंठ्यांत माझी सांदवाडी आहे: वाल, चवळी, मेथी, सांबार, वांगी, चार जास्वंदी, दोन पपया आणि नवीन लावलेला आंबा. सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, जंगलातलं सांबर नव्हे. त्या दिवसापासून आजपर्यंत ऐकलेला जवळजवळ प्रत्येक उपाय मी करून पाहिला. काही लागू पडले, काही चार दिवस टिकले, काही तर उलटे अंगावर आले. लागू पडलेले उपाय का लागू पडले, हे समजून घेतल्यावर सगळं सोपं झालं. तेच इथे सविस्तर लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. चितळ भित्रं असतं, पण मठ्ठ नसतं. नवीन वास, नवीन हालचाल, नवीन आवाज दिसला की ते थबकतं. त्यातून काही वाईट घडत नाही हे कळलं, की आठ-दहा दिवसांत त्याच वासाशेजारी उभं राहून निवांत चरतं. शेजारचे भाऊ मला पहिल्याच महिन्यात म्हणाले होते, "काकू, रोज एकच औषध माराल तं ते येनारच ना. त्यायले सवय होते बाप्पा." माझं पुढचं सगळं काम म्हणजे ती सवय होऊ न देण्याचं काम आहे.

आधी कोण येतंय ते ओळखा

सरसकट "जनावरं खातात" म्हणून उपाय सुरू केले की मेहनत वाया जाते. चितळासाठी मारलेला वास रानडुकराला अडवत नाही आणि रोह्याला, म्हणजे नीलगाईला, हलकंसं कुंपण अडवत नाही.

खाल्लेल्या फांदीचं टोक हातात घेऊन बघा. हरणांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. खालचे दात आणि वरची कडक हिरडी यांच्यात पान धरून ते ओढून तोडतात. त्यामुळे देठ फाटलेला, धागे लोंबणारा दिसतो. सशाने खाल्लेलं टोक कात्रीने तिरकं कापल्यासारखं स्वच्छ असतं आणि ते जमिनीपासून फूट-दीड फुटाच्या आतच असतं. वानरं फांद्या मोडतात, अर्धवट खाऊन खाली टाकतात. जमीन उकरलेली असेल तर रानडुक्कर. कंद किंवा खोडाचा बुंधा कुरतडलेला असेल तर साळिंदर. पानांना नुसती भोकं असतील तर हरणाला बोल लावू नका, पान उलटं करून अळी शोधा.

तरी शंका राहिली, तर संध्याकाळी वाफ्याच्या कडेने हातभर रुंदीचा पट्टा भुसभुशीत करून खराट्याने सपाट करा आणि थोडं पाणी शिंपडा. सकाळी त्या पट्ट्यावर सगळं लिहिलेलं असतं. चितळाचा खूर म्हणजे दोन टोकदार पाकळ्या, साधारण दोन बोटं लांब. रोह्याचा त्याहून बराच मोठा आणि खोल रुतलेला. रानडुकराच्या खुरामागे दोन लहान खळगे बहुधा उमटतात. रोही एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा येऊन लेंड्या टाकतो, त्याचा ढीग धुऱ्यावर सापडतो. चितळाच्या लेंड्या विखुरलेल्या असतात, एका टोकाला किंचित निमुळत्या.

माझ्याकडे येत होती ती चितळंच. पाच-सहा माद्या आणि एक शिंगवाला नर. ती येत संध्याकाळी दिवेलागणीनंतर आणि पहाटे, आणि बाजूच्या पडीक जमिनीतल्या निरगुडीच्या आडोशाने. ही वाट कळणं फार उपयोगी पडलं. चार गुंठ्यांच्या चारही बाजूंना सारखी मेहनत करायची गरज नसते. येण्याच्या बाजूला ऐंशी टक्के लक्ष द्यायचं.

जनावरांना दिलेलं आमंत्रण मागे घ्या

आपण नकळत त्यांना बोलावत असतो. एप्रिल-मे महिन्यात जंगलात गवत वाळून कोळ झालेलं असतं, पाणवठे आटलेले असतात, आणि आपल्या अंगणात टाकीचं पाणी वाहत असतं. झाडाखाली पडलेली बोरं, चिंचा, आंब्याच्या कैऱ्या, मोहफुलं, उकिरड्यावरची टरबुजाची सालं, हे सगळं चितळाच्या आवडीचं. एकदा हा खाऊ मिळाला की मग मेथीचा वाफा त्याच वाटेवर येतो.

म्हणून पहिला आठवडा फवारणीचा नाही, झाडलोटीचा. पडलेली फळं रोज संध्याकाळपूर्वी वेचायची. ओला कचरा खड्ड्यात टाकून वर मातीचा थर द्यायचा. गळकी तोटी दुरुस्त करायची. संध्याकाळऐवजी सकाळी पाणी द्यायचं, म्हणजे रात्री वाफ्यात ओलावा आणि कोवळा वास कमी राहतो. कुंपणालगतचं उंच गवत आणि झुडूप चार-पाच फूट मागे साफ करायचं. आडोसा तुटला की चितळ उघड्यावर यायला कचरतं. माझ्याकडे फक्त एवढ्यानेच येणं निम्म्यावर आलं.

एक सूचना. दया येऊन बागेजवळ त्यांच्यासाठी पाण्याचं टाकं भरू नका. चितळ ज्या वाटेने येतं, त्या वाटेने त्याच्या मागावर बिबट आणि वाघही येऊ शकतो. आमच्या भागात ही शक्यता कुणी हलक्यात घेत नाही.

अंड्याचं पाणी

घरगुती फवाऱ्यांमध्ये माझा सगळ्यात जास्त विश्वास याच्यावर आहे. सडत जाणाऱ्या अंड्यातून गंधकाचा वास सुटतो. मेलेल्या जनावराचा, म्हणजे पर्यायाने शिकाऱ्याचा तो वास, म्हणून चरणारी जनावरं त्यापासून दूर राहतात असं मानलं जातं. अमेरिकेत हरणांचा उपद्रव मोठा आहे आणि तिथल्या कोलोरॅडो राज्य विद्यापीठाच्या विस्तार विभागानेही वीस टक्के अंडी आणि ऐंशी टक्के पाणी हे प्रमाण दिलेलं आहे. आपल्या मापात सांगायचं तर एक लिटरसाठी चार अंडी आणि आठशे मिलिलिटर पाणी.

कृती अशी. अंडी फोडून एका जुन्या भांड्यात घ्या. बलकाला चिकटलेला पांढरा दोरा आणि पातळ पापुद्रा काढून टाका, नाहीतर पंपाचं तोंड हमखास तुंबतं. रवीने चांगलं घुसळा, फेस येऊ द्या, मग पाणी घालून पुन्हा घुसळा. जुन्या धोतराच्या फडक्यातून दोनदा गाळा. बाटलीत भरून एक दिवस सावलीत ठेवा, पण झाकण घट्ट लावू नका, आत वायू धरतो. दुसऱ्या दिवशी सकाळी, दव वाळल्यावर, दोन लिटरच्या हातपंपाने फवारा.

पानाच्या दोन्ही बाजूंना बारीक तुषार बसले पाहिजेत, ओघळ नकोत. जमिनीपासून सहा फुटांपर्यंत फवारायचं, कारण चितळ मागच्या पायांवर उभं राहून वरचा पाला ओढतं. वाळल्यावर आपल्याला वास जवळजवळ येत नाही. हरणाच्या नाकाला तो येत राहतो.

कोरड्या हवेत हा थर महिनाभरही काम करतो. तरी माझ्या अनुभवात महिन्याची वाट बघणं चुकीचं ठरतं. झाड वाढत असतं, आणि फवारल्यानंतर फुटलेल्या कोवळ्या पानावर काहीच नसतं. चितळाला हवं असतं तेच पान. म्हणून वाढीच्या दिवसांत दर आठ-दहा दिवसांनी आणि मोठा पाऊस पडून गेला की लगेच पुन्हा.

मेथी, पालक, सांबार अशा पालेभाज्यांवर हे पाणी मारू नका. कच्चं अंडं आहे, आणि ती पानं आपण खाणार आहोत. पालेभाज्यांचं रक्षण करायचं असेल तर वाफ्याभोवती दोन-दोन हातांवर काठ्या रोवा, त्यांना चिंध्या बांधा आणि चिंध्या या पाण्यात बुचकळून काढा. जास्वंद, गुलाब, आंब्याचं कलम यांवर मात्र थेट फवारलं तरी चालतं.

ज्यांच्या घरात अंडं येत नाही त्यांनी आठ दिवसांचं आंबलेलं ताक वापरावं, एक भाग ताक आणि तीन भाग पाणी. आमच्या समोरच्या आजींकडे तेच असतं. वास लवकर उडतो, म्हणून त्या दर चौथ्या दिवशी मारतात. पण सातत्य त्यांचं माझ्यापेक्षा जास्त आणि त्यांची जास्वंद शाबूत आहे.

तिखटाचं तेल

मिरचीचं पाणी मारा, असा सल्ला सगळेच देतात. त्यातली मेख कुणी सांगत नाही. तिखट नुसत्या पाण्यात कालवून मारलं तर पानावर लाल ठिपके दिसतात, चितळ मात्र ते खाऊन मोकळं होतं. मिरचीचा झणझणीतपणा पाण्यात नीट उतरत नाही, तेलात उतरतो. झणझणीत रश्श्यावर तर्री वर का तरंगते, हे ज्याने पाहिलंय त्याला हे वेगळं सांगायला नको. सगळी आग त्या तर्रीत असते.

म्हणून आपणही तर्रीच काढायची. तीन मोठे चमचे तिखट घ्या. भिवापुरी मिरचीचं असेल तर उत्तम. चार मोठे चमचे साधं गोडं तेल मंद आचेवर नुसतं कोमट होईल इतकं तापवा, त्यात तिखट घाला, हलवा आणि खाली उतरवा. ही कृती घरात करू नका, अंगणात चूल मांडून करा, नाहीतर ठसक्याने सगळं घर बाहेर येईल. रात्रभर झाकून ठेवा. सकाळी फडक्यातून पिळून तेल काढा. त्यात भांडी घासायच्या द्रावणाचा एक छोटा चमचा घालून पांढुरकं होईपर्यंत घुसळा, मग थोडं थोडं करत दोन लिटर पाणी मिसळा. साबणामुळे तेल पाण्यात मिळतं आणि पानाला चिकटतं. हे त्याच दिवशी वापरून संपवा.

हातमोजे, डोळ्यांना चष्मा आणि नाकाला रुमाल. वाऱ्याच्या दिशेला पाठ करून उभं राहायचं. फुलांवर मारायचं नाही, मधमाश्या येतात. तोडणीला आलेल्या भाजीवर नाही.

माझ्याकडून इथे एक चूक झाली, ती तुम्ही करू नका. मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या वर असताना, मी हे पाणी सकाळी दहाला मारलं. तेल आणि साबण पानावर तापले आणि दुसऱ्या दिवशी दोन जास्वंदींची कोवळी पानं कडेने करपून काळी पडली. पुन्हा फुटायला महिना गेला. तेव्हापासून कोणताही तेलाचा फवारा मी आधी एका फांदीवर मारून चोवीस तास बघते, आणि उन्हाळ्यात सूर्य कलल्यावरच हातपंप उचलते. कडक उन्हाच्या पंधरवड्यात तर तिखट बंदच, त्या काळात अंड्याचं पाणी आणि जाळी.

अंडं आणि तिखट यांचं काम वेगळं आहे, हे ध्यानात ठेवा. अंड्याचा वास चितळाला झाडाजवळ येऊ देत नाही. तिखटासाठी त्याला एक घास घ्यावा लागतो. रोपं लहान असतील तर तो एक घासच रोप संपवतो. म्हणून लहान रोपांना अंडं, मोठ्या झुडपांना दोन्ही आलटून पालटून.

शेणकाला, केस आणि साबण

शेणकाला चांगला. ताजं शेण आणि गोमूत्र पाण्यात कालवून, गाळून, कुंपणावर आणि फळझाडांच्या बुंध्यांना लावायचा. चरणारं जनावर शेणाने माखलेला पाला टाळतं, हे गुरं राखणाऱ्या कुणालाही विचारा. पालेभाजीवर तो शिंपडायचा नाही.

सलूनमधून आणलेले केस कांद्याच्या जाळीच्या पिशवीत भरून टांगायचे, हा जुना उपाय. पहिले पाच-सात दिवस फरक दिसतो. वास गेला की पिशवी नुसती लोंबत राहते. माणसाच्या वावराची चितळांना सवय असलेल्या गावात तर मला त्याचा काहीच उपयोग दिसला नाही. जंगलात एकट्या घरी असाल तर करून बघा, आठवड्याला केस बदला.

साबणाच्या वड्या टांगण्याचा सल्ला परदेशातून आलेला आहे. तिथे तो चालतो प्राण्यांच्या चरबीपासून केलेल्या साबणाने. काम करते ती चरबी, वरचा सुगंध नव्हे. आपल्या दुकानातले बहुतेक साबण पाम किंवा खोबरेल तेलाचे असतात. शिवाय चरबीच्या वडीचा परिणामही जेमतेम तीन फुटांच्या घेरात. चार गुंठ्यांना किती वड्या लागतील ते तुम्हीच मोजा. मी हा उपाय सोडून दिला.

पातळं, बांबू आणि जाळी

वासाचे सगळे उपाय उपाशी चितळापुढे कमी पडतात. उन्हाळ्याच्या शेवटी, जंगलात काहीच नसताना, ते नाक बंद करून खातं म्हणा ना. तेव्हा अडवायला काहीतरी उभं हवं.

जुन्या लुगड्या-पातळांचं कुंपण आपल्या शेतकऱ्यांनी उगाच काढलेलं नाही. त्यामागे दोन कारणं आहेत. पलीकडची जमीन दिसत नसेल तर हरीण उडी घ्यायला धजत नाही, कारण कुठे पडणार हे त्याला कळत नाही. आणि वाऱ्याने कापड हलत राहतं. रंगाबद्दल मात्र एक गैरसमज आहे. धोक्याचा रंग म्हणून लोक मुद्दाम लाल पातळ शोधतात. हरणांना लाल रंग आपल्यासारखा भडक दिसत नाही, त्यांना तो मळकट वाटतो. निळा त्यांना चांगला दिसतो. म्हणून येण्याच्या बाजूला निळी आणि पांढरी पातळं लावा, लाल मागे.

बांधताना दर पाच फुटांवर बांबू रोवा, दीड फूट जमिनीत जाईल असा. खाली आणि वर सुतळी ताणून घ्या. पातळ उभं न लावता आडवं लावा, म्हणजे साधारण पावणेचार फुटांची भिंत होते. तिच्या वर दुसऱ्या पातळाची अर्धी घडी. खालची कड जमिनीलगत दगडांनी दाबा किंवा खुंट्या ठोका. हे काम लोक टाळतात आणि तिथेच फसतात. चितळाला उडी मारण्यापेक्षा वाकून खालून शिरणं जास्त आवडतं. वीतभर फट असली तरी ते आधी डोकं घालून बघतं.

दर पंधरा दिवसांनी पातळांच्या जागा बदला, एखादं काढून दुसरं लावा, कोपऱ्यात रिकामे डबे बांधा, मग ते दुसऱ्या कोपऱ्यात न्या. तेच दृश्य महिनाभर ठेवलं तर पातळ आणि भिंत यांत त्यांना फरक वाटत नाही. आणि हो, अंड्याच्या पाण्याने याच पातळांची खालची कड भिजवली की वास आणि आडोसा दोन्ही एकत्र येतात. माझ्या सांदवाडीत सगळ्यात चांगला निकाल या जोडीने दिला.

थोडा खर्च करायची तयारी असेल तर सात फूट उंचीची हिरवी जाळी घ्या, बांबूंवर ताणून. सैल जाळी धोक्याची. नराची शिंगं अडकतात आणि तो तडफडून जीव गमावतो. एवढी उंच जाळी परवडत नसेल तर चार-चार फुटांची दोन ठेंगणी कुंपणं चार फूट अंतर ठेवून उभी करा. हरीण उंच उडी मारतं, लांबही मारतं, पण दोन्ही एकदम करावी लागेल अशी जागा बघितली की मागे फिरतं.

फळझाडाच्या रोपाला स्वतंत्र पिंजरा करा: चार बांबू, भोवती बाभळीची काटेरी झाटी, उंची सहा फूट, रोपापासून दीड हात दूर. शिंगांवरची मखमल घासून काढण्यासाठी नर कोवळ्या खोडांवर शिंगं घासतात आणि साल सोलून झाड वाळवतात. तिथे वासाचं काही चालत नाही. माझा पहिला आंबा असाच गेला.

पाळी कशी लावायची

माझी वर्षाची घडी साधारण अशी. पावसाळ्यात फवारे धुऊन जातात म्हणून जाळी आणि पिंजरे तपासायचे, पातळं काढून ठेवायची कारण ती कुजतात, आणि दोन पावसांच्या मधल्या उघडीपीत अंड्याचं पाणी. दिवाळीनंतर वाल-मेथीचा हंगाम सुरू होतो. तेव्हा पातळं चढवायची, पहिल्या आठवड्यात अंडं, दुसऱ्यात तिखट, तिसऱ्यात शेणकाला कुंपणाला, चौथ्यात पातळांच्या जागा बदलून पुन्हा अंडं. होळीनंतर ऊन कडक झालं की तिखट बंद करायचं आणि झाडलोट कडक. हा क्रम तुमच्या बागेत वेगळा असू शकतो. क्रम मोडत राहणं महत्त्वाचं.

आणि सुरुवात नुकसान होण्याआधी करा. पेरणीनंतर दोन पानं वर आली की पहिला उपाय उभा राहिला पाहिजे. एकदा चितळाने चवळीची चव घेतली की ते रोज बघायला येतं. ज्याने अजून घासच घेतला नाही त्याला वळवणं खूप सोपं असतं.

कडेला काय लावावं

वायगावची हळद आमच्याच जिल्ह्यातली. जंगलालगतच्या शेतकऱ्यांनी हळदीचा आधार धरला, त्यामागे जनावरं तिला तोंड लावत नाहीत हेही एक कारण आहे. सांदवाडीच्या बाहेरच्या ओळीत हळद, आलं, गवती चहा, लसूण, पुदिना, तुळस, अडुळसा लावा. वासाची आणि खरखरीत पानांची झाडं बाहेर, कोवळी शेंगवर्गी भाजी आत, घराजवळ. झेंडूवर फार विसंबू नका, माझ्याकडे भुकेच्या दिवसांत त्याचीही फुलं गेली. गुलाबाचे काटे चितळाला अडवत नाहीत, ते शेंड्याची कोवळी पालवी अलगद उचलतं.

कायमचं कुंपण हवं असेल तर सागरगोटा. काटे असे की शेळीही शिरत नाही. दोन-तीन पावसाळे द्यावे लागतात. तोवर पातळं आहेतच. करवंद आणि घायपातही चालतात.

हे मात्र करू नका

फोरेट या कीटकनाशकाच्या पुड्या किंवा दाणे कापडात बांधून टांगण्याची पद्धत अजूनही दिसते. उग्र वासाने जनावरं येत नाहीत, असं सांगतात. फोरेट अतिशय जहाल विष आहे आणि ३१ डिसेंबर २०२० पासून देशात त्यावर बंदी आहे. अंगणात मुलं खेळतात, कोंबड्या चरतात, हातांनी आपण भाजी तोडतो. घरात उरलेली जुनी पुडी असेल तर तिला हात लावू नका, कृषी विभागाला विचारून विल्हेवाट लावा. डांबराच्या गोळ्याही भाजीच्या मातीत नकोत.

तारेत घरातली वीज थेट सोडण्याचा विचारही करू नका. त्या तारांनी आमच्या विदर्भात वाघ मेले, गुरं मेली, आणि स्वतःच्याच शेतात जागलीला गेलेली माणसं मेली. सौर झटका मशीन वेगळं असतं. ते क्षणभराचा, थांबून थांबून झटका देतं, जीव घेत नाही. घ्यायचंच तर तेच घ्या आणि जाणकाराकडून बसवून घ्या. फासे, सुतळी बॉम्ब, विषारी आमिष यांतलं काहीही नको. चितळ, सांबर, काळवीट, रोही, भेकर या सगळ्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. कायदा नसता तरी मी हे लिहिलंच असतं.

रात्री खुडबुड ऐकू आली तर काठी घेऊन एकटं बागेत जाऊ नका. दारातूनच थाळी वाजवा, दिवा लावा. चितळाच्या मागे काय आहे ते अंधारात दिसत नसतं. शेतातल्या पिकाचं नुकसान झालं असेल तर त्याच दिवशी फोटो काढा आणि वनरक्षकाला कळवून पंचनामा मागा. जितका उशीर, तितकी भरपाई अवघड. जाळीत जनावर अडकलं तर स्वतः सोडवायला जाऊ नका. घाबरलेल्या नराची शिंगं पोटात घुसू शकतात. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा, आणि तोवर कुत्री व माणसं दूर ठेवा.

पाडस सापडलं तर

हे वेगळं लिहायला हवं, कारण इथे चांगली माणसंही चूक करतात. चितळाची मादी नवजात पिल्लाला दाट जागी लपवून चरायला जाते. ते हलत नाही, ओरडत नाही. आपल्याला वाटतं आईने टाकलं. मग आपण उचलून घरात आणतो, दूध पाजतो, आणि त्याची आई रात्री येऊन रिकामी जागा हुंगून जाते.

मागच्या वर्षी हळदीच्या ओळीत मला असंच एक सापडलं. अंगावर पांढरे ठिपके, कान मागे पाडलेले, पोट श्वासाने हलत होतं तेवढंच. मी हात लावला नाही. वनरक्षकांना फोन करून सांगितलं, ते म्हणाले, "ताई, जवळ जाऊ नका, कुत्र्याला बांधून ठेवा, मादी येईल." कुत्र्याला बांधलं, नातवंडांना पुढच्या अंगणात नेलं, आणि संध्याकाळी येण्याच्या बाजूची दोन पातळं सोडून वाट मोकळी केली. पहाटे जाऊन पाहिलं. हळदीत दबलेली वीतभर जागा होती, पाडस नव्हतं. वाटेवरच्या चवळीचे चार शेंडे गेले होते. मी पातळं पुन्हा बांधली आणि अंडी घुसळायला घेतली.